पाठ फिरवून

मी भंडाऱ्याकडचा, तलावाच्या पाण्यावर वाढलेला.
बदली झाली ती इथे, खारपाणपट्ट्यात,
गावाबाहेरच्या तेहतीस केव्हीच्या उपकेंद्रात.
काळी माती, पाऊल जाईल एवढ्या भेगा,
आणि बोअरचं पाणी असं
की चहा फाटतो.

दर तासाला नोंद करायची:
व्होल्टेज, अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान.
उरलेल्या वेळात काय करायचं
ते वहीत कुठे छापलेलं नव्हतं.

होळीच्या बाजारात शकीलच्या हातगाडीवरून
पिटुनिया आणली, जांभळी, पांढऱ्या काठाची.
सहा रोपं, साठ रुपये.
सावलीत ठेवा साहेब, शकील म्हणाला.
सावली! गिट्टीच्या या आवारात
सावली म्हणजे खांबाची,
चार बोटं रुंद, दिवसभर फिरणारी.
तिच्या मागे कुंड्या सरकवत पंधरवडा काढला.
पाडव्याच्या सकाळी शेवटचं रोप
हाताला कागदासारखं वाजलं.

मग डेलिया.
मग पॅन्झीचं बियाणं, नुसतं नाव आवडलं म्हणून.
वहीच्या मागच्या पानावर मी तीन रकाने आखले:
आणलं, रुजलं, गेलं.
मधला रकाना बहुधा कोराच.

कुंपणाच्या तारेपलीकडे द्वारकाबाई तायडेंचं अंगण.
भुईमुगाच्या टरफलांनी झाकलेली वाफ्याची माती,
तुराट्यांच्या आडोशाला झिनिया, गलांडा,
आणि फुटक्या रांजणात चिनी गुलाब,
ऊन चढलं की डोळे उघडणारा.
एप्रिलभर ती माझी अंत्ययात्रा बघत होती,
एकेका कुंडीची.

शेवटी बोललीच:
"बापू, ज्याले ऊन सोसत नाई त्याले काहून आणता?
ज्याले ऊन पाह्यजे त्याले आणा.
ऊन तं आपल्याकडे फुकट हाय."

फांदी मागितली तर नाही म्हणाली.
"इकत आणलेलं मरते. मांगितलेलं रुसते.
चोरलेलंच लागते."
आणि पाठ फिरवून सूप घेऊन बसली,
निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत.

दुपारचा एक. शेहेचाळीस अंश.
वीजवाल्या सरकारी माणसाने
तारेतून हात घालून
चार बोटं लांब फांदी चोरली.

सूचना मात्र ती मोठ्याने देत राहिली,
कोणाला ते न सांगता:
कूलरच्या टाकीतलं पाणी नका टाकू, मीठ बसते.
तांदूळ धुतलेलं चालते.
रोज घोट-घोट नाई, तिसऱ्या रोजी पोटभर,
तेही पहाटे, माती निजलेली असताना.
आणि उगाच खोदून पाहू नका
मूळ फुटलं का म्हणून.
(पाहिलं होतं मी. दोनदा.)

नवतप्याचा चौथा दिवस.
गावातले सगळे कूलर एकदम चालू,
फीडर दोनदा ट्रिप,
तेल चढत अठ्ठ्याहत्तरवर.
गिट्टीवर चप्पल चिकटत होती.
आणि कुंडीत, कुणी न बोलावता,
एक फूल, राणी रंगाचं,
उन्हाकडे तोंड करून.
दहाच्या नोंदीत मी लिहिलं:
तेल ७८. भार पूर्ण. फूल १.

महिन्याच्या तपासणीला आलेल्या इंजिनिअरबाईंनी
त्याखाली लाल पेनाने रेघ ओढली.
विचारलं काही नाही.
जीपकडे जाताना कुंडीपाशी थांबल्या,
इकडे तिकडे पाहिलं.

मी पाठ फिरवून पॅनलकडे बघत राहिलो.
पॅनलवर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

पॅन्झीचं उरलेलं पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे.
द्वारकाबाईंना दाखवलं
तर चष्मा लावून चित्र पाहिलं त्यांनी बराच वेळ.
"माणसासारखं तोंड हाय की ह्याचं," म्हणाल्या.
"राहू द्या. थंडीत पाहू."