जड ते मागे राहतं

झाखेरचं तळं जुन्या कुठल्या नकाशात नाही.
अल ऐनच्या दक्षिणेला, तांबूस वाळूत
ते एक दिवस आपसूक वर आलं.
शहरानं वापरून सोडलेलं पाणी,
बागांना पाजलेलं, मुरलेलं,
खालून परत.

गुलरेझ जीप लांब उभी करतो, नाकाला रुमाल.
मी गुडघाभर चिखलात.
शेवाळ, गोगलगायी, एक तिलापिया,
एकेका बाटलीवर तारीख.
मग वाळवायचं, कुटायचं,
कथलाच्या राईएवढ्या डबीत
श्वास रोखून भरायचं मिलिग्रॅमभर
आणि सोडायचं भट्टीत, हजार अंशांत.

शेवाळात जड नायट्रोजन थोडा,
गोगलगायीत त्याहून, माशात आणखी.
खाणारा खाल्लेल्याहून जड, हा नियमच.
पण इथलं शेवाळच मुळात जड निघालं.
डॉ. शम्सा आलेखाकडे बघत राहिल्या, म्हणाल्या,
"हे खत नव्हे. ही माणसं."

कुठली, ते यंत्र सांगत नाही.
व्हिलातलं संगमरवरी न्हाणीघर
की सनैयातल्या छावणीत
वीसजणांत एक संडास,
आकडा तोच येतो.

पाण्याचंही तसंच.
ऊन लागलं की हलके रेणू आधी उठून जातात.
ऑगस्टात तळं रोज थोडं जड होतं.
मी इथे पाच ऑगस्ट काढलेत.

परवा दुसऱ्या यंत्रात एक रांग रिकामी होती.
वाया कशाला घालवा,
म्हणून वेणीतले थोडे केस कापले.
ऑक्सिजन मोजायला कथील चालत नाही,
चांदीची डबी लागते;
माहेरून आणलेल्या पैंजणांनंतर
अंगाला लागलेली ही पहिली चांदी.

मुळापासून खाली तुकडा तुकडा वाचत गेले:
समुद्र, समुद्र, समुद्र,
मीठ काढून नळातून आलेला.
मध्येच एक हलकी खाच. ती सुट्टी. बावीस दिवस.
पुन्हा समुद्र.
आणि अगदी टोकाला, पेरभर,
भोरच्या नळाचं पाणी. नीरेचं.

हे कुठल्याच अहवालात जाणार नाही.
फाइलला नाव दिलंय 'चाचणी'.

आई व्हिडिओवर म्हणते, टोकं फाटलीत गं,
दोन बोटं छाटून टाक, वाढ खुंटते.
छाटते, म्हटलंय.