सातव्या कॅम्पची किल्ली

माझ्या कमरेला नऊ किल्ल्या.
आठ फाटकांच्या, एक मिठाच्या कोठीची.
ट्रक आला की उघडायचं, गेला की लावायचं,
आणि वहीत लिहायचं: किती आत, किती बाहेर.

इनाविनुइसे आत्या आली ती मंगळवारी,
डोक्यावर शिंगांसारखा रुंद फेटा, कडक इस्त्रीचा,
पायघोळ झग्याचा घेर धुळीनं तांबडा.
हमरस्त्यापासून अकरा किलोमीटर, चालत.
हातात कागद. सही, शिक्का:
कबर पाहण्यास परवानगी. वेळ एक तास.
कुत्रा आणू नये. आग पेटवू नये.

हे शेवटचं तिनं मला दोनदा वाचायला लावलं.
"मग त्याच्याशी बोलायचं कसं, ते लिहिलंय का खाली?"
खाली फक्त तारीख होती.

माझा बाप इथंच म्हातारा झाला,
ओबरहोल्झरच्या हाताखाली.
महिन्याला मक्याच्या पिठाचं पोतं, तंबाखू,
नाताळात बैलाचं डोकं.
मग झेंडा बदलला. बापानं नवी टोपी घेतली.
ओबरहोल्झरनं जमीन विकली
राजधानीतल्या एका आपल्याच माणसाला.
सरहद्दीपलीकडून बंदूक घेऊन लढला होता म्हणतात.
लढलाही असेल.
फाटकावरची पाटी बदलली.
कुलूप तेच, जर्मन,
अजून गंज म्हणून धरलेला नाही.

सातव्या कॅम्पपर्यंत आम्ही पायीच गेलो.
वाटेत ती गुरांना हाका मारत होती:
ए ढवळे, ए बांडे, ए कवड्या शिंगांच्या!
मी म्हटलं, आत्या, ही चारशे बारा, ही चारशे तेरा,
कानात बघ, पिवळा बिल्ला.
ती म्हणाली, "नंबर काय, मलाही होता.
मिशनच्या शाळेत."

बाभळीखाली दगडांचा ढीग.
पवनचक्की कुरकुरत होती, हौदात पाणी थेंबथेंब.
याच झाडावरून जागेचं नाव होतं ओच्योमुटी,
मोजणीवाला साखळी घेऊन आला त्याच्या आधी.
तिचा आजा वाळवंटातून परत आला तो एकटा,
एका कालवडीची दोरी हाताला गुंडाळून.
कालवड नव्हती. दोरी होती.
इथं बसला, तो पुन्हा उठला नाही.

आणि त्याच्या उशाच्या सपाट दगडावर
मिठाची वडी.

मीच ठेवली होती.
दर पंधरवड्याला ठेवतो. जागा सोयीची,
सावली आहे, पाणी जवळ.
मला ठाऊक नव्हतं, असं म्हणणार होतो.
ठाऊक होतं.
बापानं दाखवलं होतं एकदा, बोटानं नाही, हनुवटीनं.

दगड जिभांनी चाटून चाटून
आतून खोलगट झालेला, हाताच्या ओंजळीसारखा.
आत्या गुडघे टेकून बसली.
त्या खळग्यात तळवा फिरवला, तो चाटला,
आणि हसायला लागली. चांगलं मोठ्यानं.
चारशे तेरानं मान वर करून पाहिलं.

"आजोबा," ती म्हणाली, "मी इनाविनुइसे.
तुमच्या थोरल्याच्या मधलीची.
गाई आल्या की हो परत.
कुणाच्या आहेत ते विचारू नका."

मग बाटलीतलं पाणी तोंडात घेऊन तिनं फवारलं,
एक खडा ठेवला,
आणि माझ्याकडे वळून विचारलं, किती वाजले?
अजून वीस मिनिटं होती.
ती वीस मिनिटं तिनं झोप काढली,
फेटा नीट बाजूला ठेवून, कबरीला पाठ लावून.
मी माशा हाकलत बसलो.

वहीत लिहिलं: आत एक, बाहेर एक.
मिठाची वडी खांद्यावर घेऊन
पाण्याच्या पलीकडच्या बाजूला नेली.
संध्याकाळी गुरं तरीही
त्याच दगडापाशी जमली.

त्या रात्री सातव्याचं कुलूप मी
नुसतं अडकवून ठेवलं, दाबलं नाही.
का, ते मुकादमाला सांगता आलं नसतं.
सकाळी फाटक वाऱ्यानं सताड उघडं.
मोजली. सगळी होती,
चारशे तेरा तर तिथंच रवंथ करत.

जाणार तरी कुठं?
पलीकडे आठवा कॅम्प.