चारशेची जाळी

स्टीलची वात वळायची तर
आधी स्टील जाळून घ्यावं लागतं.
हे मला बाबांनी शिकवलं नाही.
पेरामाच्या गोदीत त्यांच्या शेजारी वेल्डिंग करणाऱ्या आनेस्तिसने शिकवलं,
तेही मागून ओरडत :
"निळी होऊ दे, कल्लिरोई! पिवळ्यावर थांबू नकोस!"

चारशेची जाळी, म्हणजे इंचात चारशे तारा.
मध्ये हात फिरवला तर रेशीम,
कडेला ब्लेड.
पाच सेंटिमीटर बाय अडीच, आईच्या शिवणाच्या कात्रीने कापली
आणि कात्री गेली ती गेलीच.

चिमट्यात धरून टॉर्चखाली नेली.
आधी गव्हाळ रंग आला, मग जांभळा,
मग निळा, बाबांच्या कामाच्या डगल्यासारखा,
आणि शेवटी नुसता राखाडी.
कोरी जाळी तारेला टेकली की शॉर्ट.
करपलेली टेकली तर चालतं,
त्या पातळ करपटीतून वीज पलीकडे जात नाही.
आनेस्तिस म्हणाला, कातडी आली तिला.

बाबांनी एक्केचाळीस वर्षं सिगरेट ओढली,
सगळ्या स्वतः वळून,
डेकवर, टाकीत, समुद्रावरून वारा सुटलेला असताना एका हाताने.
डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडासमोर धरली
तेव्हा त्यांनी विचारलं, हे वेल्ड कोणी केलंय?
मग मी त्यांना हे यंत्र आणून दिलं.
आता त्यांची बोटं थरथरतात.
गंज झोडणारा न्यूमॅटिक हातोडा
बंद करून नऊ वर्षं झाली, हातात अजून चालू आहे.
म्हणून वात मी वळते.

एका रविवारी म्हणाले, दे इकडे.
सुईभोवती जाळीची कड बसवली, अंगठ्याने पुढे ढकलली
आणि हात थांबला. थरथर गेली.
एक वेढा, दोन, तीन,
मध्ये पोकळी, काडी जाईल एवढी, एकसारखी.
मी श्वास रोखून बघत होते.
शेवटची कड राहिली तेव्हा
त्यांनी ती उचलली
आणि जिभेवरून फिरवली.
कागद चिकटवतात तशी.

रक्ताचा एक ठिपका आला.
आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.
"चव तीच आहे," ते म्हणाले, "जहाजाची."
आणि इतके हसले की खोकला लागला,
आणि खोकल्यातही हसत राहिले.

पुढचं मी केलं.
वात रसात बुडवून पेटवली, विझली, परत बुडवली, सहा वेळा.
भोकात घातली, घट्ट नाही, सैल नाही.
तारेची पाच वेटोळी घातली.
बटण क्षणभर दाबून सोडलं :
वरचंच वेटोळं लाल झालं, खालची काळी ठिक्कर.
म्हणजे कुठेतरी खेचलंय, कुठेतरी चिकटलंय.
टाचणीने एकेकाला हलवत बसले,
झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसं.
दाबलं. सोडलं. दाबलं.
विसाव्या खेपेला मधून सुरू होऊन
पाचही एकदम लाल झाली.

पंधरा दिवसांनी काजळी धरते.
रसाची साखर जळून तारेवर बसते, काळा दगडी थर.
तेव्हा कोरडंच तापवायचं, थर पांढरा होऊन गळतो,
मग गरम पाण्याखाली धरायचं.
वात तीच. तार बदलते.
आनेस्तिस म्हणतो वर्षभर टिकेल,
पण तो स्वतः अजून सिगरेटच ओढतो,
त्याचं काय ऐकायचं.

संध्याकाळी बाबा गच्चीत बसतात.
समोरून सालामिनाची फेरी सुटते.
यंत्र तिरकं धरावं लागतं, नाहीतर रस वातीपर्यंत चढत नाही,
म्हणून ओढण्याआधी ते त्याला एका बाजूला कलवतात
आणि त्याच्याबरोबर मानही.
लांबून वाटतं, कोणी कानात काही सांगतंय.

आत आई ड्रॉवर उघडते, बंद करते, दुसरा उघडते.
"माझी कात्री कोणी घेतली?"
आम्ही दोघं फेरीकडे बघतो.