कंस

साखर पेठेत शेजारचे माग थांबले
की मी कर्नल उघडते.
बत्तीस घरांची एक ओळ,
घरात एक, नाहीतर शून्य.
मला फक्त सातवं विझवायचं होतं.

मॅक्रो लिहिला, एका ओळीचा.
सातवं विझलं;
त्याच्या खालची सातही विझली.
टायमर त्यांतच होता. बोर्ड गप्प.

दोन वाजता सिद्राम काका पाणी प्यायला उठले.
चाळीस वर्षं जकार्डची कार्डं ठोकलेला माणूस.
"भोक चुकलं?"
"एक बुजवायचं होतं, आठ बुजली."
ते हसले नाहीत.
कार्डावरचं चुकलेलं भोक ते बुजवायचे
कागदाच्या टिकलीनं, चिंचोक्याच्या खळीनं,
आधी अलीकडे एक नख, पलीकडे एक नख,
खळ शेजारी पसरू नये म्हणून.
नाहीतर शंभर चादरी निघायच्या
आणि एकाही मोराला डोळा नाही.

टेबलावर त्यांनी तसंच करून दाखवलं.
दोन वाकडी नखं. मध्ये रिकामी जागा.

मी ओळ पुन्हा वाचली.
उलटवायची खूण एकट्या एकालाच चिकटलेली,
तो सरकायच्या आधी.

कंस घातले. टायमर टिकटिकला.
"एवढ्याचा पगार देतात?" काका म्हणाले,
आणि तांब्यावर फुलपात्र उपडं घालून
झोपायला गेले.