साल

कागद कन्नडात होता.
लुमाण्णानं तो माझ्या गोठ्याच्या कट्ट्यावर पसरला,
उडू नये म्हणून वर काड्यापेटी ठेवली
आणि म्हणाला, इथं एक, इथं एक,
आणि पाठीमागं जागा सोडलेय तिथं एक.
वाचायचं काय त्यात गा, सही कर.

मला कन्नड येतं बसच्या पाटीपुरतं,
रेशनच्या रांगेपुरतं,
आणि कचेरीतल्या कारकुनासमोर मान हलवण्यापुरतं.
तरी एक शब्द ओळखीचा लागला: साल.
वर्ष असेल म्हणून मी पुढं आकडा शोधला.
लुमाण्णा हसला.
साल म्हणजे कर्ज, खुळ्या. तू मला दिलेलं. अठरा लाख.
पाच वर्षांमागं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

पाच वर्षांमागं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी
मी त्याच्याकडूनच म्हशीच्या औषधाला बाराशे नेले होते.
ते अजून द्यायचे आहेत.

म्हणजे साल खोटं
आणि सालही खोटं.

तसा त्याचा हक्क आहे माझ्यावर.
विसाव्या वर्षी, रात्री मराठी पाट्या रंगवताना सापडलो,
रंगाचा डबा माझ्या हातात होता.
साहेब, डबा माझा, असं तो म्हणाला
आणि तीन रात्री ठाण्यात बसला.
मी घरी आंबील पीत होतो.
हे त्यानं कधी काढलं नाही. आजही नाही,
म्हणून तर मला ते सारखं ऐकू येत होतं.

सही मी केली नाही. नाहीही म्हटलं नाही.
चष्मा सापडेना, म्हणालो.
चष्मा डोक्यावर होता.

लेथ मात्र ठेवून घेतलं.
टेम्पो उद्यमबागेतून रात्री अकराला आला, दिवे मालवून.
चौघांनी पाइपांवरून सरकवत नेलं,
म्हशी विकल्यापासून रिकाम्या दावणीपाशी उभं केलं,
वर ताडपत्री, ताडपत्रीवर पिंजर.
सोडचिठ्ठी झाली की नेतो, म्हणाला.
तिला काय कळतंय मशीनमधलं.

तिला काय कळतंय.
नर्मदा वहिनीच्या तळव्यात लोखंडाचा कण रुतला
की ती सुई ज्योतीवर धरायची आणि स्वतःच काढायची,
बोलणं न थांबवता.
सतरा वर्षं त्या लेथवरचे बुश तिनं कानशीनं घासले,
शंभर-शंभराच्या पिशव्या बांधल्या,
मधेच उठून आम्हाला चहा.
पहिला हप्ता तिच्या बोरमाळेचा.
शहापुरात सराफाकडं मीच बरोबर होतो.
तराजूकडं पाठ करून
ती रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या मोजत होती.
एकवीस, म्हणाली बाहेर पडताना.

चौथ्या दिवशी ती आली,
उचगावच्या फाट्यापर्यंत बसनं, पुढं चालत.
अंगणात कोंबड्या उकरत होत्या.
फाटकापासून गोठ्यापर्यंत टेम्पोतून सांडलेला किस,
कुरळा, निळसर, उन्हात चमकत होता.
मी दोनदा झाडलं होतं.
तिनं एक वेटोळं उचललं, बोटांत फिरवलं.
कोपरा गेलेलं टूल, म्हणाली.
किती वेळा सांगितलं होतं, बदला म्हणून.

मग कट्ट्यावर बसली, काड्यापेटी होती तिथंच.
पाणी प्यायली. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं विचारलं.
गोठ्याचं विचारलं नाही.
किल्ली तिच्या डोक्यावरच्या खिळ्याला,
वारा आला की भिंतीवर वाजते.
तेव्हाही वाजली.
मी म्हणालो, वहिनी, ती घ्या.

परवा लुमाण्णा गोवावेसात दिसला, रस्ता ओलांडताना.
हल्ली ते बाराशे मी वरच्या खिशात घेऊनच हिंडतो.
पुढं केले. त्यानं घेतले,
थुंकी लावून मोजले, बरोबर होते.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा
'गा' न लावता बोलला.
बरे आहात ना?