प्रयोग बदला

बारावी कला, दुसरा तास.
नवरगावची बस उशिरा आली म्हणून अर्धा वर्ग
दारातूनच 'मे आय कम इन' म्हणतो एका सुरात,
आणि टेंभुर्णे मॅडम मान हलवतात
पुस्तकातलं बोट न काढता.
बाहेर चुरण्याची मशीन चालू आहे,
धानाचा भुसा खिडकीतून येऊन बसतो
इंग्रजीवर.

धडा सातवा. हे ज्यानं लिहिलं तो माणूस
एकेकाळी दुसऱ्या माणसाच्या मालकीचा होता.
स्लेव्ह म्हणजे गुलाम, मॅडम सांगतात,
आणि मागच्या बाकावर प्रफुल नन्नावरेला हसू फुटतं.
त्याला ठाऊक असलेला गुलाम
पोळ्याच्या रात्री पत्त्यांत निघतो,
मिशीला पीळ देऊन,
दश्शीला मारतो, राणीपुढे पडतो.
मॅडम हसत नाहीत. रागावतही नाहीत.
फळ्यावर लिहितात: आय वॉज सोल्ड.
कर्मणी आहे. कर्तरी करा.

कर्ता कुठाय, मॅडम?
दिलेला नसेल तर समवन घ्यायचं.
समवन सोल्ड मी.
दोन गुण.

सगळ्यांनी लिहून घेतलं. माझ्या वहीत
तो समवन मावेना.
त्याला नाव असणार. सौदा झाल्यावर
तो जेवला असेल, दात कोरले असतील,
सही करताना बोटाला लागलेली शाई
केसांना पुसली असेल.
लिहिणाऱ्यानं तर खेचराचंही नाव लिहिलंय
त्याच्यासोबत त्याच दिवशी विकलेल्या,
खेचराला आठ डॉलर जास्त आले होते.
मग विकणाऱ्याचं नाव लिहायला तो विसरेल?
पान बेचाळीसवर मधेच तीन टिंबं आहेत.
मंडळानं तिथे काहीतरी गाळलंय.

संध्याकाळी बाबा न्हाणीजवळ पाय धूत होता.
तेवीस सालं एकाच घरी सालदार.
दर पाडव्याला मालकाची डायरी वाचून दाखवायला
मीच जाते त्याच्यासोबत:
डोमा गजबे यास ठेवण्यात आले.
पुढे रुपये, पुढे धान, पुढे अंगठा.
मी विचारलं, बाबा, तुले कोनं ठेवलं?
'ठेवलं म्हन्जे का? राह्यलो.'
पन कोनं?
'मीच राह्यलो ना वो. कोन ठेवन मले?
एक साल नाही राह्यलो. घरी बसून टोपल्या इनल्या.
तू तवा पोटात होती.'
आणि घोट्याचा चिखल
दगडानं घासत राहिला,
वाक्य संपल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितलं, जरा जोरातच,
शोध लागल्यासारखं.
त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या,
घाईनं जुळवू नकोस, वनिता.
तुझे बाबा एक साल घरी बसले.
हा एक रात्र बसला नाही तर मागे कुत्रे सोडले,
पान एक्केचाळीस बघ.
पुन्हा वाच. दोघांनाही वेगवेगळं वाच.

वाचलं. टिंबं तिथेच होती.

चाचणीत तोच प्रश्न आला.
कर्त्याची जागा मी कोरी ठेवली
आणि खाली मराठीत लिहिलं, कारण इंग्रजीत येईना:
समवन नाही. ज्यानं विकलं त्याला नाव होतं.

पेपर परत मिळाला. समासात लाल शाईनं
आधी लिहिलं होतं, 'एक गुण कापण्यात आला.'
त्यावर आडवी रेघ.
वर, बारीक अक्षरात:
'मी कापला. निरंजना टेंभुर्णे.'