मुद्दा एकोणीस

सकाळचे सात. उलव्यात धूळच उभी राहते धुक्यासारखी.
मी क्रेनभोवती उलटा फेरा घालतो,
देवळातल्या प्रदक्षिणेच्या विरुद्ध,
कारण उस्ताद सांगायचा: सवयीच्या बाजूने चाललास
की डोळे सवयीचंच बघतात.

डिपस्टिक पुसतो, बुडवतो, पुन्हा बघतो. तेल खुणेवर.
हायड्रॉलिकच्या होजवर हात फिरवत नाही, पुठ्ठा फिरवतो.
सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल कातडीत शिरतं,
सदाशिव लोंढेचं बोट त्यातच गेलं,
तेव्हापासून तो चहाचा कप डाव्या हाताने धरतो.
वायर-रोप. हुकाची खिटी. लिमिट स्विच. भोंगा.
भोंगा वाजला की पलीकडच्या कांदळवनातून बगळे उठतात,
हे पत्रकात कुठे लिहायचं कळत नाही.

पत्रकात चोवीस मुद्दे, चोवीस चौकोन.
सुपरवायझरने चोवीसही टिका मारून ठेवलेल्या,
एका पेनने, एका दमात, बहुतेक काल रात्री.
प्रणिता घरत येते, ते पान फाडते,
चार घड्या करून खिशात ठेवते
आणि कोरं पान लावते.

अठरापर्यंत आमचं जमतं.
एकोणीस: पायांखालची जमीन टणक आहे का?
मी म्हणतो, मुरूम पडलाय, रोलर फिरलाय,
काल इथूनच भरलेला डंपर गेला.
ती बोलत नाही. गावच्या देवळाचा कळस बघते,
मग डोंगरातली खिंड,
दोन्हींच्या मधून हवेत एक रेघ ओढते
होडीवाले जाळ्याची जागा हुडकतात तशी.
"तुमचा मागचा डावा पाय," ती म्हणते,
"आमच्या उघारीवर आहे."

कागदावर उघाडी. तिच्या घरात उघारी.
खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून
बांधात बसवलेलं लाकडी दार.
बांध गेला. शेत गेलं साडेबारा टक्क्यांत.
दार काढून न्यायला कोणी आलं नाही.

मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडे जमीन म्हणजे जमीन,
काळी, हट्टी, तिला कोणी विचारत नाही
टणक आहेस का म्हणून.

सळई आणली. घणाने ठोकली.
मुरूम कुरकुरला, दगड लागला, ठिणगी उडाली,
मी तिच्याकडे बघून हसलोही.
मग पुढचा घाव बसायच्या आतच
सळई आपसूक खाली गेली, दह्यात चमचा जावा तशी.
ओढून काढली तर काळी,
आणि ओहोटीचा वास.

इंजिनिअर आला, ओरडला.
अठरा टनांचा गर्डर ट्रेलरवर, ट्रेलरचं भाडं तासावर.
ती म्हणाली, "आज अमावास्या. साडेबाराला उधाण.
खालचा चिखल अजून फुगेल."
तो म्हणाला, पंचांग कुठल्या मुद्द्यात येतं?

मी चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.
धाडस नव्हतं त्यात.
केबिनमध्ये मी बसणार होतो, तो नाही.

साडेबाराला आम्ही डबे उघडून बसलेलो
तेव्हा सळईच्या भोकात एक बुडबुडा आला,
मग दुसरा, मग बोटभर पाणी.
मी चाखून पाहिलं. खारट.
इंजिनिअरने लांबूनच बघितलं
आणि फोन कानाला लावून उगाचच पलीकडे गेला.

गर्डर चार वाजता उचलला,
सात मीटर सरकून, पायांखाली पोलादी पत्रे घालून.
डावा मागचा पाय टेकवताना
मी नेहमीपेक्षा हळू टेकवला, झोपलेल्याच्या शेजारी बसावं तसा.

पत्रकात शेऱ्याच्या रकान्यात तिने एवढंच लिहिलं:
'मागे डावीकडे उघाडी.'

संध्याकाळी हेड ऑफिसातून फोन आला.
उघाडी हा कोणता पार्ट?
क्रेनसोबत आलेला की नंतर बसवलेला?
स्पेअर मागवायचा का?

प्रणिताने हेल्मेट काढलं, कपाळावरचा वळ चोळला.
"नको," म्हणाली. "मिळायचा नाही."